चार वर्षांची, ८८ सेंटिमीटर

ती मला अडीच वर्षांची वाटली होती. कुणालाही तेच वाटलं असतं. गोबरे गाल, पोट जरासं पुढे आलेलं, आजीच्या पाठीला चितेन्जेत घट्ट बांधलेली आणि माझ्याकडे टक लावून बघणारी. (चितेन्जे म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या बायका कमरेला गुंडाळतात ते रंगीत छापील कापड, दोनेक मीटरचं. त्यातच मूल बांधायचं, त्यातच बाजार आणायचा, डोक्यावर सरपण घ्यायचं तर त्याचीच चुंबळ.) नंबर आला तसं आजीनं तिला सोडवून उंची मोजायच्या लाकडी फळीपाशी उभं केलं, तिथल्या आरोग्य सेवकानं तिच्या टाचा मागे टेकवल्या, हनुवटी सरळ धरली, वरची सरकती पट्टी डोक्याला टेकवली आणि आकडा मोठ्याने वाचला. ८८. मग तिचं हेल्थ पासपोर्ट उघडलं, तिकडे प्रत्येकाचं एक छोटं पुस्तक असतं दवाखान्याचं, त्याला हेल्थ पासपोर्टच म्हणतात. जन्मतारीख बघितली. चार वर्षं आणि दोन आठवडे.

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. परत विचारलं. चारच.

माझी भाची चौथ्या वाढदिवसाला १०३ होती, आमच्या घरच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत म्हणून पक्कं लक्षात आहे. त्या वयाच्या मुलीची उंची साधारण तेवढीच असते. ९४ च्या खाली गेली तर वाढ खुंटली असं धरतात, ९० च्या खाली गेली तर फारच खुंटली. म्हणजे ही हसरी, गोबऱ्या गालांची, अजिबात आजारी न दिसणारी पोरगी त्या तक्त्यात सगळ्यात खालच्या पट्ट्यात होती. आणि रांगेतल्या कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं, कारण पुढची नि मागची पोरं साधारण तेवढीच होती.

ही गोष्ट मलावीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे २०२२ च्या मध्यापासून आम्ही दोन-अडीच वर्षं ब्लँटायरजवळ लिंबेला राहिलो. ती मुलगी आमच्याकडे कामाला येणाऱ्या अमायींची नात. अमायी म्हणजे आई, पण तिकडे कुठल्याही वयाच्या बाईला आदराने असंच म्हणतात, आपण ताई म्हणतो ना तसं. त्या महिन्यातून एकदा गावी जायची सुट्टी मागायच्या, नातीचं वजन करायचं असतं म्हणून, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये एकदा मी म्हटलं चला मी गाडीने सोडते. गाव चिराझुलू जिल्ह्यात, लिंबेपासून फार लांब नाही.

खरं सांगते, मलावीला जायच्या आधी आफ्रिकेतलं कुपोषण म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर एकच चित्र यायचं. बरगड्या मोजता येतील असं मूल, मोठे डोळे, चेहऱ्यावर माश्या. लहानपणापासून पेपरात तेच बघितलेलं. आणि मलावीत पोचल्यावर मी ते चित्र शोधत होते आणि ते दिसतच नव्हतं. रस्त्याने पोरं पळतायत, टायर फिरवतायत, गाडी बघून हात हलवतायत. मला वाटलं अरे इथे तर बरं चाललंय. आपली किती मोठी चूक होते हे त्या फळीपाशी कळलं.

नंतर आकडे वाचले तेव्हा अजून चक्रावले. मलावीत रोडावलेली, म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं शंभरात तीनच्या आसपास. आपल्याकडे भारतात २०१९-२१ च्या पाहणीत १९, महाराष्ट्रात तर चारातलं एक. पण खुरटलेली, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेली मुलं मलावीत २०१५-१६ च्या पाहणीत शंभरात ३७. इथे मात्र आपण त्यांच्याच शेजारी बसलोय, महाराष्ट्रात ३५. खुरटलेलं मूल फोटोत दिसत नाही. वय माहीत नसेल तर शेजारी उभं राहूनही दिसत नाही. ते फक्त लहान दिसतं, आणि लहान मूल गोडच दिसतं. उंचीबरोबर आतून आणखी काय काय खुंटतं, डोकं, प्रतिकारशक्ती, पुढे त्या मुलीची स्वतःची बाळंतपणं, ते तर कुठल्याच फळीवर मोजता येत नाही. आणि हे बहुतेक सगळं पोटात असल्यापासून दोन वर्षांची होईपर्यंत होऊन जातं, हजार दिवसात. त्यानंतर भरून काढणं फार फार अवघड.

मग प्रश्न असा की पोटं तर भरलेली दिसतात, तर खातात काय?

न्सिमा. मक्याच्या पांढऱ्या पिठाचं घट्ट उकडलेलं, आपल्या उकडीसारखं, गोळा करून हाताने तोडायचं. सकाळी मुलांना त्याच पिठाची पातळ पेज, तिला फाला म्हणतात. दुपारी न्सिमा, रात्री न्सिमा. बरोबर तोंडी लावायला न्दीवो, म्हणजे कालवण म्हणा, बहुतेक वेळा मोहरीचा किंवा भोपळ्याचा पाला, जमलं तर टोमॅटो, जमलं तर तळ्यातली वाळवलेली बारीक मासळी, तिला उसिपा म्हणतात. न्सिमा इतकी मुख्य आहे की एखाद्याने पोटभर रताळी खाल्ली असतील आणि तुम्ही विचारलंत जेवलात का, तर तो म्हणेल नाही. खोटं नाही बोलत तो. आपल्या कोकणातल्या माणसाला भात पोटात गेल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, तसंच आहे ते.

अमायी पहिल्यांदा आमच्या घरी पालेभाजी करत होत्या तेव्हा त्यांनी मला विचारलं, मॅडम, न्सिंजिरो आहे का? मला कळेना. त्यांनी डब्यातले शेंगदाणे दाखवले आणि कुटायची खूण केली. दाण्याचं कूट! मी इतकी खूश झाले की काय सांगू, साडेपाच हजार किलोमीटरवर कुणीतरी पालेभाजीत दाण्याचं कूट घालतंय. मग मी विचारलं गावी पण असंच करता का, तर त्या म्हणाल्या, दाणे असले की. आणि कधी असतात, तर काढणीनंतर दोन-तीन महिने. बाकीचे विकलेले असतात, किंवा बियाण्याला ठेवलेले.

मका हे त्यांचं मूळचं धान्य नाहीये. तो पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आफ्रिकेत आला, त्याआधी ज्वारी आणि नाचणी होती. नाचणीला तिकडे मवेरे म्हणतात, अजूनही थोडी पेरतात, बरीचशी बिअर करायला. मक्यात पोट भरायची ताकद आहे पण प्रथिनं कमी आणि जी आहेत ती अर्धवट, लायसिन नि ट्रिप्टोफॅन हे प्रथिनांतले गरजेचे घटक त्यात फार थोडे. त्यातून तो पांढराशुभ्र हवा म्हणून कोंडा काढून, भिजवून, परत वाळवून दळायचा, म्हणजे राहिलेलं बरंचसं पण गेलं. नुसत्या मक्यावर माणूस राहिला की काय होतं ते याच मलावीत एकदा फार वाईट पद्धतीने दिसलंय. मोझांबिकच्या युद्धातून पळून आलेले निर्वासित तिथे छावण्यांमध्ये होते, त्यांच्या रेशनमधले शेंगदाणे बंद पडले, आणि १९९० मध्ये अठरा हजारांवर लोकांना पेलाग्रा झाला. कातडी सोलवटते, जुलाब लागतात, माणूस भ्रमिष्ट होतो. रेशन बंद नव्हतं हे लक्षात घ्या. मका येत होता. फक्त दाणे थांबले होते.

लहान बाळाचं तर अजून अवघड, कारण त्याचं पोट वाटीएवढं. त्यात मक्याची पातळ पेज भरली की जागा संपली, बाळ गप्प झालं, आईला वाटलं जेवलं. त्याच पेजेत चमचाभर दाण्याचं कूट, थोडा सोया, थोडी कुस्करलेली मासळी गेली तर तेच पोट वेगळं भरतं. तिथे लिकुनी फाला नावाचं पीठ मिळतं, मका आणि सोया मिसळलेलं, लिलाँग्वेजवळच्या लिकुनी मिशन हॉस्पिटलवरून नाव पडलंय. आयांना हे माहीत नाही असं अजिबात नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण आपल्याकडच्या बऱ्याच लोकांचा समज असतो की बायका अडाणी आहेत, त्यांना शिकवलं की झालं. अमायींना सहा अन्नगट तोंडपाठ होते. दवाखान्याच्या रांगेत बायका त्याचं गाणं म्हणत होत्या टाळ्या वाजवून, चांगलं सुरात. गाणं पाठ आहे आणि घरात एकच गट आहे, अशी अवस्था.

आता कणगीबद्दल. अमायींच्या अंगणात बांबूच्या कामट्यांची विणलेली, खाली दगडांवर ठेवलेली, वर गवताची टोपी घातलेली कणगी होती. हुबेहूब आपली कणगी. त्यांचं नाव न्खोक्वे. फेब्रुवारीत मी गेले तेव्हा ती रिकामी होती, आत कोंबडी बसली होती.

मलावीत पाऊस एकदाच, नोव्हेंबर-डिसेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत. काढणी एप्रिल-मे मध्ये. मेमध्ये कणगी भरलेली, पण तेव्हाच पैशाची गरज, खताची उधारी, शाळा, औषध, म्हणून तेव्हाच थोडा मका विकायचा, आणि तेव्हाच भाव सगळ्यात पडलेला कारण सगळेच विकतायत. डिसेंबरपर्यंत घरचा मका संपतो. जानेवारी-फेब्रुवारीत तोच मका दुपटी-तिपटीने विकत घ्यायचा. त्याला पैसे कुठून, तर दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीला जायचं, त्याला गान्यू म्हणतात. आणि नेमक्या त्याच दिवसात आपल्या शेतात खुरपणी करायची असते. ती राहते. तण माजतं, पीक कमी येतं, म्हणजे पुढच्या वर्षी कणगी अजून लवकर रिकामी. जमीन किती, तर बहुतेकांकडे एक हेक्टरच्या आतच. अमायी मला हे सगळं रडगाणं म्हणून सांगत नव्हत्या, आपण पावसाळ्यात छत्री लागते म्हणतो तितक्या सहज सांगत होत्या. भूक या शब्दाला त्यांच्याकडे न्जाला म्हणतात आणि दुष्काळालाही न्जालाच. आणि दर वर्षीचे ते तीन-चार महिने, तेही न्जाला.

या महिन्यांच्या सुरुवातीला झाडावर आंबे असतात. डिसेंबरात रस्त्याच्या कडेला पोरं दिवसभर आंबे खाताना दिसतात, पिकायची पण वाट बघत नाहीत, मला पहिल्या वर्षी ते फार छान वाटलं होतं, मी फोटोही काढले होते. दुसऱ्या वर्षी कळलं की काही घरांत ते दुपारचं जेवण असतं. आणि आपल्या वाशी मार्केटात नोव्हेंबरात मलावी हापूस येतो ना, पेट्यांमध्ये, पेपरात बातमी येते दर वर्षी, तो याच देशातून, कोकणातून नेलेल्या रोपांचा. मोठ्या बागेतला असतो तो, अमायींच्या गावचा नव्हे. पण महिना तोच.

मी गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात फ्रेडी चक्रीवादळ आलं. मार्च २०२३. ब्लँटायरला दिवस-रात्र पाऊस कोसळत होता, डोंगराच्या उतारावरच्या वस्त्या चिखलाखाली गेल्या, अधिकृत आकडा ६७९ मृत आणि पाचशेच्या वर बेपत्ता. आमच्या घरात तीन दिवस वीज-पाणी नव्हतं, एवढंच आमचं नुकसान. अमायी वाचल्या, घरही वाचलं, पण मका आडवा झाला, कणसं भरलेली होती, काढणीला महिनाही राहिला नव्हता. त्याआधीपासून कॉलऱ्याची साथ होती, मलावीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी, १७०० च्या वर माणसं गेली. नोव्हेंबरात सरकारने क्वाचाची, म्हणजे तिकडच्या चलनाची, किंमत उतरवली, डॉलर एका दिवसात ४४ टक्क्यांनी महाग झाला, म्हणजे बाहेरून येणारं खत, डिझेल, तेल सगळं महाग. आणि त्यानंतरचा पाऊस एल निनोने खाल्ला, मार्च २०२४ मध्ये २८ पैकी २३ जिल्ह्यांमध्ये आपत्ती जाहीर झाली. हे सगळं सव्वा-दीड वर्षात. एखाद्या घरात त्या काळात बाळ जन्मलं असेल तर त्याच्या हजार दिवसांतले निम्मे असेच गेले.

आणि अमायींच्या घरात जन्मलं होतं. त्यांच्या लेकीला, त्या चार वर्षांच्या मुलीच्या आईला, जून २०२३ मध्ये दुसरं झालं. तिचं लग्न सोळाव्या वर्षी झालेलं. कायद्याने आता अठरा आहे, २०१७ मध्ये घटनाच बदलली, डेड्झा भागातल्या थेरेसा काचिंदामोटो नावाच्या बाई सरदारांनी तर शेकडो बालविवाह मोडून मुलींना शाळेत परत पाठवलं, पण २०१५-१६ च्या पाहणीत दहातल्या चार मुलींचं लग्न अठराच्या आतच झालेलं होतं. जी अजून स्वतःच वाढतेय तिच्या पोटात वाढणाऱ्या बाळाला काय मिळणार.

क्वाशिओरकोर हा शब्द आपण शाळेत विज्ञानात पाठ केलाय, प्रथिनांच्या अभावाने होणारा रोग, एक मार्काला. तो शब्द घानाच्या किनाऱ्यावरच्या गा भाषेतला आहे. सिसिली विल्यम्स नावाच्या जमैकात जन्मलेल्या डॉक्टर तिथे कामाला होत्या, त्यांनी १९३३ मध्ये हा आजार लिहून काढला, मक्याच्या आहाराशी त्याचा संबंध लावला, आणि नाव तिथल्या बायका म्हणायच्या तेच ठेवलं. अर्थ साधारण असा, की धाकटं आल्यावर थोरल्याला जो आजार होतो तो. बायकांनी बरोबर ओळखलं होतं. अंगावरचं दूध सुटलं, मक्याची पेज सुरू झाली, आणि काही आठवड्यांत पाय सुजायला लागले. ही सूज फसवते. मूल जाड झाल्यासारखं दिसतं.

मलावीत हा आजार अजूनही आहे. आणि तो वाटतो तितका सरळ नाही. तिथल्या जुळ्यांच्या ३१७ जोड्या संशोधकांनी जन्मापासून तीन वर्षं बघितल्या, घर एक, आई एक, ताट एक, तरी एकाला क्वाशिओरकोर आणि दुसरं ठीक असं काही जोड्यांत झालं. २०१३ मध्ये ते छापून आलं. आतड्यातल्या जिवाणूंमध्ये फरक निघाला. म्हणजे नुसतं ताट बघून चालत नाही. मातीत रांगणारं मूल, अंगणातल्या कोंबड्या, उघडं पाणी, सतत थोडं थोडं बिघडलेलं पोट, खाल्लेलं अंगी लागू न देणारं. मांगोची जिल्ह्यात सहाशेच्या वर बाळांवर एक प्रयोग झाला होता, निम्म्यांना सहा महिने रोज एक अंडं. इक्वाडोरमध्ये याच प्रयोगाने उंची चांगली वाढली होती. मांगोचीत उंचीत फरकच पडला नाही. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते, कारण मी स्वतः अमायींना दर आठवड्याला अंड्यांचा ट्रे देत होते आणि मला वाटत होतं माझ्यापुरता प्रश्न सुटला. देणं बंद नाही केलं, पण त्याने सुटत नाही हे मान्य करावं लागलं.

जे खरंच बदललंय तेही सांगते. पूर्वी अति कुपोषित मुलाला महिनाभर हॉस्पिटलात ठेवायचे, औषधी दुधावर, आणि आईने शेत नि बाकीची पोरं सोडून तिथेच जमिनीवर झोपायचं. कितीतरी आया मधूनच मूल घेऊन निघून जायच्या, आणि त्यांचं चूक होतं असं मला वाटत नाही. मग शेंगदाण्याची पेस्ट आली, दाण्याचं कूट, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं, ९२ ग्रॅमचं पाकीट, ५०० कॅलरी, शिजवायचं नाही, पाणी मिसळायचं नाही. १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये तयार झाली, पण ती घरी देऊन मूल बरं होतं हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या कामांतलं बरंचसं मलावीत झालं, २००१-०२ च्या सुमारास. आता ती तिथेच बनते पण, लोक तिला चिपोंडे म्हणतात, म्हणजे शेंगदाण्याचं लोणी. दंडाला रंगीत पट्टी लावायची, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की लाल, आपल्या अंगणवाडीत असते तीच पट्टी. अमायींच्या धाकट्या नातवाचा दंड मार्च २०२४ मध्ये लाल दाखवला. सात आठवडे पाकिटं खाऊन तो पिवळ्यातून हिरव्यात आला, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ती पाकिटं बऱ्याचशा परदेशी मदतीवर येतात, आणि २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवली तेव्हा मला सगळ्यात आधी त्या टेबलावरचा पाकिटांचा खोका आठवला.

पण मला ज्याबद्दल मुळात लिहायचं होतं ते हे. त्या दिवशी चिराझुलूला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मक्याच्या मध्ये मध्ये एक झुडूप होतं, मी ओळखलं आणि गाडी थांबवली. तूर! ओळीच्या ओळी. मक्याबरोबर मिश्र पीक, अगदी आपल्या मराठवाड्यात कापसात किंवा सोयाबीनमध्ये असते तशी. तिकडे तिला नांदोलो म्हणतात, सगळा दक्षिण मलावी पिकवतो, चिराझुलू, थ्योलो, मुलांजे, फालोंबे. ओल्या शेंगा मीठ घालून उकडून खातात, सोलून तोंडात टाकतात, मी लहानपणी परभणीला मामाकडे खायचे अगदी तशा. म्हणजे मक्यात जे नाही, ते लायसिन, त्याच बांधावर उभं आहे. मका आणि तूर, भाकरी आणि वरण. मुलाला वाढवायला जे लागतं त्यातलं कितीतरी त्या एका शेतात होतं.

मग ते मुलाच्या ताटात का नाही, हा प्रश्न मी अमायींना विचारला. त्या म्हणाल्या, विकतो. कुणाला, तर व्यापाऱ्याला, तो लिंबेला डाळमिलवाल्याला देतो, तिथून ती अमवेन्यांकडे जाते. अमवेन्ये म्हणजे भारतीय. म्हणजे आम्ही.

ते खरंच आहे. २०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ २०० रुपयांवर गेली होती आठवतंय? तेव्हा सरकार आफ्रिकेत डाळ शोधत होतं, २०१६ मध्ये मोझांबिकशी करार झाला, आजूबाजूच्या देशांत सगळ्यांनी तूर पेरली, मलावीतल्या शेतकऱ्यांनी पण. मग आपल्याकडेच त्या वर्षी तुरीचं अफाट पीक आलं, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. मलावीत भाव कोसळला. अमायी म्हणाल्या त्या वर्षी व्यापारी फिरकलाच नाही, पोती घरातच कीड लागून गेली. त्याच वर्षी माझा मामा खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टर लावून चार रात्री झोपला होता, ५०५० चा हमीभाव कागदावर होता आणि बारदान नाही म्हणून मोजणी बंद. दोघांच्या पोत्यांत एकच डाळ होती आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. २०२१ मध्ये मलावीशी पाच वर्षांचा करार झाला, दर वर्षी ५०,००० टन. चांगलंच झालं, अमायींना पैसा मिळतो, त्या पैशातून जानेवारीत मका येतो. मला डाळ विकणं चुकीचं वाटत नाही. पण ज्या घरातली मुलं मक्यावर खुरटतायत त्या घराला आपली तूर विकून मका विकत घ्यावा लागतो, हे मला तेव्हा नीट पचलं नाही आणि आजही पचत नाही.

आणि विकायचं एक कारण अजून होतं, ते मला माझ्याच स्वयंपाकघरात कळलं. मी कुकर लावत होते, अमायी शेजारी उभ्या, चार शिट्ट्या झाल्या, झाकण काढलं आणि वरण घोटून झालेलं बघून त्या गप्पच झाल्या. त्यांनी बोटांनी डाळ चेपून बघितली. किती वेळ, मॅडम? मी म्हटलं वीस मिनिटं. त्यांच्याकडे नांदोलो अख्खा असतो, सालासकट, तीन दगडांच्या चुलीवर शिजायला तीन तास लागतात, आणि सरपण आणायला अर्धा दिवस, डोंगरावर झाडं राहिलीच नाहीत आता. कोळसा घ्यायचा तर तो मक्यापेक्षा जड पडतो खिशाला. म्हणजे डाळ घरात असली तरी तिला शिजवायचा जाळ घरात नाही. सहा अन्नगटांच्या गाण्यात जाळ कुठेच नव्हता.

आम्ही २०२४ च्या शेवटी परत आलो. येताना पाच लिटरचा कुकर अमायींना दिला, कोळशाच्या शेगडीवर तो चालतो, आम्ही दोघींनी आधी चार-पाच वेळा लावून बघितला, शिट्टी झाली की नात पळून जायची आणि परत दारातून डोकवायची. शिंप्याची टेपही ठेवली तिच्याकडे.

गेल्या आठवड्यात अमायींच्या मुलाने व्हॉट्सॅपवर त्यांचा आवाज पाठवला. पाऊस अजून नीट लागला नाही म्हणाल्या. नात शाळेत जाते, १०४ झाली. कणगीतला मका जानेवारीपर्यंत पुरेल. नांदोलो यंदा सगळा नाही विकला, दोन बादल्या ठेवलाय. पण कुकरची रिंग गेली, वाफ धरत नाही, लिंबेच्या दोन दुकानांत विचारलं, त्या मापाची नाहीये.

नवऱ्याचे एक जुने सहकारी पुढच्या महिन्यात तिकडे चाललेत. काल रविवार पेठेत जाऊन दोन रिंगा आणि एक शिट्टी घेतली, पाच लिटरची, तीच कंपनी. घरी आपल्या कुकरला लावून बघितली, बसते बरोबर.